जालना ते किल्लारी: पाणी, वायू आणि पायाखालचा खडक

जालन्याच्या इंटरचेंजजवळ समृद्धी महामार्गाच्या कुंपणालगत खुणेचे खांब रोवलेले आहेत. खालून उच्च दाबाची गॅसची पाइपलाइन गेली आहे, खोदकाम करू नका, असा इशारा. गेल या सरकारी गॅस कंपनीची मुंबई-नागपूर वाहिनी समृद्धीच्या सोबतीने मराठवाड्यातून जाते. आमची गाडी तिथे थांबली ती माझ्या भाच्यामुळे. तो पेट्रोलियम इंजिनिअर. टेक्सासच्या पश्चिमेला पर्मियन खोऱ्यात नोकरी करतो. उन्हाळ्यात सुट्टीवर आला होता आणि मला औसा तालुक्यात मावसबहिणीकडे जायचं होतं. म्हणाला, "आत्या, गाडी मी चालवतो. परळीवरून जाऊ, किल्लारीही बघू."

खांबाकडे बघत तो म्हणाला, "आमच्या तिकडच्या खडकातला गॅसही अशा नळ्यांतून इकडे फिरत असेल." ते खरंच आहे. अमेरिकेतल्या सबीन पास बंदरातून दीर्घ मुदतीच्या करारातलं द्रवरूप वायूचं पहिलं जहाज मार्च २०१८ मध्ये आपल्या दाभोळला लागलं. वर्षाला ३५ लाख टन, २० वर्षं, असा तो करार. आपल्याला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी निम्म्याच्या आसपास बाहेरून येतो. देशाच्या एकूण ऊर्जेत वायूचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास आहे आणि तो २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर न्यायचं सरकारने ठरवलंय. एवढा वायू आणायचा कुठून, हा प्रश्न उभा राहिला की खडक फोडून वायू काढण्याचं, म्हणजे फ्रॅकिंगचं, नाव निघतंच.

अंबडच्या रस्त्याला लागल्यावर मी त्याला म्हटलं, तू रोज नेमकं काय करतोस ते मला गावाकडच्या माणसाला सांगतात तसं सांग. त्याने सांगितलं. शेल म्हणजे चिखल साचून, दबून घट्ट झालेला पापुद्र्यांचा खडक. वायू त्यात आहे, पण कोंडलेला. साध्या बोअरने तो वर येत नाही. म्हणून दोन-तीन किलोमीटर खोल जायचं, तिथून बोअर आडवं वळवायचं आणि खडकाच्या थरातून एक-दोन मैल, कधी त्याहूनही लांब न्यायचं. मग प्रचंड दाबाने पाणी सोडायचं. खडकाला बारीक भेगा पडतात. पाण्यात वाळू असते, ती भेगांमध्ये पाचरीसारखी अडकून बसते आणि दाब काढला तरी भेगा मिटत नाहीत. पाणी नव्वद टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक वाळू, आणि एखादा टक्का किंवा त्याहूनही कमी रसायनं. पहिला प्रयोग १९४७ साली कॅन्ससमध्ये झाला. पण शेलमधून परवडेल असा वायू काढायला जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीला नव्वदच्या दशकाची अखेर गाठावी लागली. त्यानंतर अमेरिकेचं चित्रच पालटलं. वायू आयात करावा लागेल म्हणून ज्यांनी बंदरं बांधली, तेच आज द्रवरूप वायूचे जगातले सर्वांत मोठे निर्यातदार आहेत.

"आणि एका विहिरीला पाणी किती?" मी विचारलं.

"पेनसिल्व्हेनियाकडे दीड ते दोन कोटी लिटर धर. आमच्याकडे आडवी बोअरं लांबलीत, तिथे त्याच्या दुप्पट-तिप्पटही लागतं."

शहागडच्या पुलावरून गोदावरी ओलांडताना हा आकडा ऐकायला बरा वाटत नाही. पात्रात जिकडेतिकडे खडक आणि वाळू, मध्ये कुठेतरी हिरवट डबकी. वर पैठणला नाथसागर आहे आणि त्यातलं पाणी कुणी किती घ्यायचं, यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात दर तुटीच्या वर्षी भांडण लागतं.

गढीवरून माजलगावकडे वळलो तसा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. भाचा गप्प बसणाऱ्यातला नव्हे. "आत्या, एका हेक्टर उसाला दोन कोटी लिटर पाणी लागतं. म्हणजे एक हेक्टर ऊस आणि शेलची एक विहीर, हिशोब सारखाच. उसावर तू एवढी रागावत नाहीस." हिशोब बरोबर आहे आणि तो मराठवाड्यात राहणाऱ्या प्रत्येकाने तोंडपाठ करावा. उसावर मी रागावतेही. पण दोन्हींत एक फरक आहे. उसाने प्यायलेलं पाणी हवेत जातं, कुठेतरी पाऊस म्हणून पडतं, काही झिरपून शेजारच्या विहिरीला येतं. शेलच्या विहिरीत घातलेल्या पाण्यातलं बरंचसं खालीच राहतं. जे परत येतं ते समुद्राहून खारट, बेरियमसारखे धातू आणि काही ठिकाणी रेडियमसुद्धा घेऊन. ते शेतात सोडता येत नाही, ओढ्यात सोडता येत नाही. मग ते पुन्हा वापरायचं, नाहीतर दुसऱ्या खोल विहिरीत कायमचं गाडायचं. शिवाय शेलची एक विहीर कुणी खोदत नाही. पहिल्या एक-दोन वर्षांतच उत्पादन झपाट्याने उतरतं, म्हणून नवी विहीर, मग आणखी नवी. भाच्यानेही हे मान्य केलं. त्याच्या खोऱ्यात आता हेच पाणी पुन्हा पुन्हा वापरण्यावर भर आहे, कारण तिथेही पाऊस कमी आणि गोडं पाणी महाग.

तेलगाव, सिरसाळा मागे टाकून परळी जवळ आली. वैजनाथाचं दर्शन घेतलं, ज्योतिर्लिंगाच्या गावी येऊन ते चुकवायचं नसतं. पण परळीत पावलं अडतात ती औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांपाशी. अडीचशे मेगावॅटचे तीन संच, रेल्वेने येणारा कोळसा आणि पाणी गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून. जुलै २०१५ मध्ये या केंद्राला पाणीच उरलं नाही आणि ते बंद ठेवावं लागलं. कोळसा होता, यंत्रं होती, माणसं होती, वाफ करायला पाणी नव्हतं. मराठवाड्याबद्दल बोलताना ही एक गोष्ट मला सगळ्या भाषणांपेक्षा जास्त सांगते.

इथे भाच्याची बाजू भक्कम होती आणि मी ती नीट ऐकली. आपल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राख असते. परळीच्या रस्त्यांवर राखेचे हायवा धावताना दिसतात, मागे बारीक करडी भुकटी उडत राहते. वायू जाळला तर तेवढ्याच विजेला कार्बन डायऑक्साइड जवळपास निम्मा निघतो, राख नाही, पाणीही कमी. अमेरिकेत २००५ च्या सुमारास निम्मी वीज कोळशावर होती. २०२० मध्ये ती पाचव्या हिश्श्यावर आली. हे घडलं त्यात शेलच्या स्वस्त वायूचा वाटा मोठा. "परळीतल्या लेकराच्या छातीला विचार, कोळसा पाहिजे का गॅस," तो म्हणाला.

बरोबर. पण स्वस्त वायू त्यांचा. इकडे येईपर्यंत तो गोठवून द्रव करायचा, जहाजात भरायचा, पुन्हा वायू करायचा. युक्रेनच्या युद्धानंतर २०२२ मध्ये बाजारातला भाव असा भडकला की आपल्यासारख्या देशांना तो परवडेनासा झाला. आपली वायूवरची वीज केंद्रं बराचसा काळ रिकामी बसतात ती याचमुळे. दुसरी गोष्ट मिथेनची. जळालेला वायू कोळशापेक्षा स्वच्छ, पण न जळता गळालेला वायू म्हणजे मिथेन, आणि वीस वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो. विहिरीच्या तोंडापासून शेगडीपर्यंत थोडे टक्के जरी गळती झाली तरी कोळशावरची सगळी आघाडी निघून जाते. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट हॉवर्थ यांनी २०११ मध्ये हा मुद्दा पुढे आणल्यापासून वाद थांबलेला नाही. भाच्याच्या पर्मियनमध्ये तर तेलासोबत निघणारा वायू न्यायला नळ्या कमी पडल्या की तो जागेवरच पेटवून देतात. रात्री मैलोन्‌मैल ज्वाळा दिसतात, असं त्यानेच सांगितलं, आणि सांगताना त्यालाही ते आवडत नव्हतं हे दिसत होतं.

अंबाजोगाईत चहा घेतला आणि रेणापूरमार्गे लातूरला पोचलो. रेल्वे स्टेशनवर थांबायचा माझा आग्रह होता. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली गाडी इथे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, एका खेपेला २५ लाख लिटर. आता हिशोब करा. पेनसिल्व्हेनियातली एक विहीर फोडायला सहा ते आठ अशा गाड्या. ज्या शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होतात म्हणून जमावबंदी लावावी लागली होती, तिथे हा हिशोब कागदावरचा राहत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी औसा तालुक्यातल्या वाडीत पोचलो. ताईच्या घरासमोर दाजींनी खाट टाकली होती, पण सगळी वाडी शाळेमागच्या हातपंपाकडे निघालेली. "भूजलवाल्यांची गाडी आलीय," दाजी म्हणाले, "बोअर फोडणार हायेत." भाच्याने माझ्याकडे पाहिलं. टेक्सासमध्ये तो जे करतो, त्याचंच धाकटं भावंड इथे, पाण्यासाठी.

टंचाईच्या काळात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा हे जलभंजन वर्षानुवर्षं करत आली आहे. मी नाव ऐकलं होतं, काम पहिल्यांदाच बघत होते. आधी हातपंपाचं डोकं उतरवलं, मग पाइप आणि दांडे एकेक करून वर ओढले. गंजाने लाल झालेले ते पाइप शाळेच्या भिंतीला टेकवून ठेवले. बोअर दोनशे फुटांचं. वरच्या मुरमाला केसिंग, म्हणजे बोअर ढासळू नये म्हणून बसवलेली नळी, त्याखाली आपला काळा पाषाण, मध्ये मध्ये मांजऱ्या, म्हणजे छिद्राछिद्रांचा खडक, एका ठिकाणी तांबडा थर. मग पॅकर आणला. पॅकर म्हणजे जाड रबराचं बूच, हाताच्या लांबीचं, मधून पाणी जायला नळी. तो केसिंगच्या खाली, पक्क्या खडकात सोडला आणि फुगवला. बोअरच्या भिंतीला तो घट्ट बसला की खालची जागा बंद होते. शेजारी पाण्याचा टँकर आणि ट्रकवर दाबाचा पंप.

पंप सुरू झाला तेव्हा गर्दी मागे सरकली. प्रेशर गेजचा काटा वर चढू लागला. पन्नास, सत्तर, शंभर. ट्रकवरचा माणूस काट्यावरून नजर हलवत नव्हता. काटा शंभरच्या पुढे जाऊन थरथरत थांबला आणि एकदम खाली पडला. "फुटलं!" तो ओरडला. खाली कुठेतरी मिटलेली भेग उघडली होती आणि पाणी तिच्यात शिरलं होतं. भाचा हसला, "आत्या, आमच्याकडे हाच काटा. फक्त दाब याच्या कितीतरी पट." पॅकर काढल्यावर बोअरमधून तांबूस गढूळ पाणी उसळलं, त्यात झिओलाइट या खनिजाचे पांढरे कण. वर्षानुवर्षं भेगांमध्ये भरलेला तो गाळ. वाळू नाही, रसायन नाही, लागलेलं पाणी टँकरभर.

हे सगळं सुरळीत झालं असं नाही. सकाळी गाडी लागली तेव्हाच शेजारच्या शेतातले एक आबा येऊन उभे राहिले होते. त्यांचं बोअर शे-दीडशे पावलांवर. "हितं फोडलं आन् माझ्या बोअरचं पानी हिकडं वढलं तर? मी कुनाकडं जायचं?" लोक चिडले, गावाच्या पिण्याच्या पाण्याला आडवे येता म्हणून. पण यंत्रणेच्या माणसाने वाद घातला नाही. तो टेप घेऊन आबांच्या बोअरवर गेला, पाण्याची पातळी मोजली, आबांच्या देखत वहीत लिहिली, खाली त्यांची सही घेतली. काम झाल्यावर पुन्हा मोजू, म्हणाला. संध्याकाळी मोजली, फरक नव्हता. आबा स्वतः टेप धरून उभे होते.

मला त्या वहीचं फार मोल वाटलं. पेनसिल्व्हेनियातल्या डिमॉक गावात २००९ पासून घरोघरच्या विहिरींच्या पाण्यात मिथेन येत असल्याच्या तक्रारी गाजल्या. तपासात बोट गेलं ते केसिंगभोवतीच्या कच्च्या सिमेंटकडे, त्या फटीतून वायू वर चढत होता. कंपन्यांचं म्हणणं असायचं की इथल्या पाण्यात मिथेन आधीपासून होताच. काही ठिकाणी तो होताही. पण खोदण्याआधी कुणी मोजलेलंच नव्हतं, मग सिद्ध कुणी करायचं? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१६ च्या अहवालात म्हटलं की काही परिस्थितींत फ्रॅकिंगमुळे पिण्याच्या पाण्यावर परिणाम होऊ शकतो, आणि देशभराचं प्रमाण काढायला पुरेशी माहिती नाही. त्याआधी २००५ च्या ऊर्जा कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या संरक्षणाच्या कायद्यातून फ्रॅकिंगला सूट दिली होती, फक्त डिझेल वापरलं तर ती नाही. आमच्या वाडीत एका टेपने आणि एका सहीने जे झालं, ते त्या एवढ्या श्रीमंत देशात वेळेवर झालं नाही.

जेवताना ताईने ज्वारीची भाकरी, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. दाजींनी भाच्याला विचारलं, "तुमच्याकडं शेतात ग्यास लागला तर शेतकऱ्याचं काय हुतं?"

"जमिनीखालचा हक्क त्याच्याकडे असेल तर तो श्रीमंत होतो, काका. पेनसिल्व्हेनियात कायद्यानेच किमान आठवा हिस्सा रॉयल्टी."

"आन् आपल्याकडं?"

आपल्याकडे खालचं तेल-वायू शेतकऱ्याचं नाहीच. रॉयल्टी सरकारला. शेतकऱ्याला वरच्या जमिनीची भरपाई. पाइपलाइन गेली तर १९६२ च्या कायद्याप्रमाणे जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के आणि पिकाचं नुकसान, जमीन त्याच्याच नावावर, पण त्या पट्ट्यात झाड लावायचं नाही, घर बांधायचं नाही. दाजी ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे खड्डा आमच्या वावरात, पैसा वर." फ्रॅकिंगच्या अर्थशास्त्रावर मी बरंच वाचलंय, पण भारतातली गोम एवढ्या थोडक्यात कुणी सांगितली नव्हती. टेक्सासमधला शेतकरी तोटा आणि फायदा एकाच तराजूत टाकून सही करतो किंवा करत नाही. आपल्याकडे तोटा गावाचा, फायदा देशाचा, आणि सही मागायला कुणी येत नाही. कावेरीच्या खोऱ्यातले शेतकरी तमिळनाडूतल्या नेडुवासलमध्ये २०१७ साली तेल-वायूच्या प्रकल्पाविरुद्ध रस्त्यावर बसले ते याचमुळे. तमिळनाडूने २०२० मध्ये कायदा करून तो प्रदेश संरक्षित कृषी क्षेत्र केला.

भारतात शेल वायू म्हणजे दूरची गोष्ट नाही. पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ इच्छापूरला ओएनजीसीच्या विहिरीतून जानेवारी २०११ मध्ये तो निघाला. २०१३ मध्ये धोरण आलं, खंबात, कृष्णा-गोदावरी, कावेरीच्या खोऱ्यांत विहिरी झाल्या, हाती फारसं लागलं नाही. २०२५ मध्ये तेलक्षेत्र कायदा बदलला आणि शेल वायू व कोळशाच्या थरातला मिथेन त्यातल्या खनिज तेलाच्या व्याख्येत आला. देशातल्या २६ अवसादी, म्हणजे गाळाच्या खडकांच्या, खोऱ्यांच्या यादीत आपल्या लाव्ह्याखालचं दख्खन सिनेक्लाइज नावाचं खोरंही आहे, जिथून अजून काही मिळालेलं नाही अशा गटात. म्हणून हे आत्ताच बोलायला हवं. ठेकेदाराची गाडी पाटीवर येऊन थांबल्यावर बोलण्यात अर्थ नसतो.

दुपार उतरल्यावर लामजना पाटीवरून किल्लारीला गेलो. जुन्या गावाच्या जागी झाडोरा वाढलाय, मध्ये दगडांचे ढीग. माळवदाची घरं होती ती. रुंद दगडी भिंती मातीत रचलेल्या, डोक्यावर हातभर मातीचं छप्पर. उन्हाळ्यात गार, आणि पडली तर माणूस वाचत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली.

भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने इथे ६१७ मीटर खोल बोअर घेतलं. ३३८ मीटरपर्यंत बेसॉल्ट, त्याखाली जेमतेम आठ मीटर गाळाचा खडक, आणि मग एकदम अतिप्राचीन स्फटिकी पाया. म्हणजे किल्लारीखाली शेलचा थर नाही, वायू शोधायचं कारणही नाही. भाच्याने हे सांगितल्यावर मला क्षणभर बरं वाटलं. पण इथे उभं राहून फ्रॅकिंगचं बोलायचं कारण वेगळं आहे. हा भाग भूकंपाचा नाही असं तोवर मानलं जायचं. खडक शांत आहे, असं वाटणं आणि तो शांत असणं यातलं अंतर किल्लारीने दाखवलं. निलंग्याच्या हासोरीत सप्टेंबर २०२२ मध्ये जमिनीतून आवाज येऊ लागले, लोक अंगणात झोपले. हिंगोलीत २१ मार्च २०२४ ला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला.

पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. कोयनेचं धरण भरल्यावर धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ ला मोठा भूकंप झाला. किल्लारीच्या वेळीही तेरणेच्या माकणी धरणाकडे बोट दाखवलं गेलं, त्यावर शास्त्रज्ञांचं एकमत झालं नाही. तत्त्व एवढंच की खोलवरच्या भ्रंशाच्या, म्हणजे खडकातल्या मोठ्या तड्याच्या, दोन बाजू एकमेकींवर दाबून बसलेल्या असतात. मध्ये पाण्याचा दाब शिरला की पकड सैल होते. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात तीन किंवा त्याहून जास्त तीव्रतेचे धक्के पूर्वी वर्षाला एक-दोन बसायचे. तेल-वायूचं खारं पाणी खोल गाडायला लागल्यावर २०१५ मध्ये ते नऊशेच्या घरात गेले, आणि ३ सप्टेंबर २०१६ ला पॉनी गावाजवळ ५.८ चा झाला. पाणी गाडणं कमी केलं, धक्केही कमी झाले. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या विहिरीत खुद्द फ्रॅकिंगनेच ऑगस्ट २०१९ मध्ये २.९ चा धक्का बसला आणि नोव्हेंबरात सरकारने काम थांबवलं. फ्रान्सने २०११ मध्येच बंदी घातली, न्यूयॉर्क राज्याने २०१४ मध्ये बंदीचा निर्णय घेतला.

नव्या किल्लारीत एका तात्यांच्या ओट्यावर बसून भाचा हे सांगत होता. तात्यांनी त्या रात्री घरातली माणसं गमावलेली. त्यांनी विचारलं, "मग घरं पडली त्याचं कोन भरतं?"

भाच्याने खरं ते सांगितलं. ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये निकाल दिला की घरमालक कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा लावू शकतो.

"आदी पडायचं, मग कोर्टात जायचं," तात्या म्हणाले. "आमाला कुनी आदी सांगाया पायजे, बाबा."

मला जे म्हणायचंय ते हेच आहे. वायूला माझा विरोध नाही. परळीची राख मी पाहिली आहे. पण जिथे पाण्याला रेल्वे लावावी लागते, तिथे कोटी-कोटी लिटर पाणी खडकात घालायला कुणी आलं, तर आधी पाणी कुठून, खारं पाणी कुठे गाडणार, भूकंपमापक कुठे बसवले आणि गावच्या विहिरींची आजची नोंद कुणाकडे, एवढ्याची लेखी उत्तरं ग्रामसभेत आल्याशिवाय एक फूटही खोदू देऊ नये. न्यूयॉर्कच्या लोकांना नाही म्हणायचा हक्क असेल तर औसा-लोहाऱ्यालाही तो आहे.

भाच्याने मोबाइलवर अमेरिकेतली सार्वजनिक नोंदवही उघडून दाखवली. फ्रॅकफोकस तिचं नाव, २०११ पासूनची. विहीर निवडली की कोणत्या तारखेला किती पाणी घातलं, कोणती रसायनं घातली ते दिसतं. व्यापारी गुपिताच्या नावाखाली काही नावं झाकलेली असतात, तेही त्याने दाखवलं. तात्यांचा नातू कॉलेजात आहे, तो पुढे वाकून बघत होता. "आमच्या विहिरींचं असं कुठं मिळतं?"

मिळतं. भूजल यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी गावोगाव आहेत आणि त्यांची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. बहुतेक गावांना ती विहीर आपल्याच शिवारात आहे हेही ठाऊक नसतं. नातवाने तिथेच वहीचं पान फाडून विहिरीची जागा कुठे विचारायची ते लिहून घेतलं. मेची मोजणी जवळ आली होती. मोजायला माणूस येईल तेव्हा आपण टेपशेजारी उभं राहायचं, गावातल्या आणखी चार-पाच विहिरी आपणच मोजायच्या आणि आकडे ग्रामसभेत वाचून दाखवायचे, असं तो तात्यांना सांगत होता. तात्यांनी विचारलं, पाण्याचं खारेपण मोजायचं यंत्र केवढ्याला येतं. भाचा म्हणाला, हातात धरायचं साधं यंत्र फार महाग नसतं, मी उमरग्यात बघतो, नाहीतर सोलापुरातून पाठवतो.